तारखेच्या तीन चौकटी

निपाणीच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले ती सकाळ मला नेहमी धुक्यातलीच आठवते. खरोखर धुकं होतं की नाही, कुणास ठाऊक. तवंदीचा घाट उतरताना बसच्या काचेवर ओल होती, ती मी बोटानं पुसली होती, एवढं नक्की. आणि स्टँडवर उतरल्यावर नाकात शिरलेला तंबाखूचा वास, गोडसर आणि थोडा डोक्यात जाणारा. तो दिवसभर माझ्या ओढणीला होता.

बेळगावात आमचं ऑफिस चार माणसांचं. शाळा, दवाखाने, पतसंस्था यांना लागणारी वेबची कामं आम्ही जावामध्ये करायचो, अजूनही करतो. या दवाखान्याचं काम माझ्या वाट्याला आलं होतं. पेशंटची नोंद, तपासणी, ऑपरेशन, चष्मा, पुन्हा दाखवायला यायची तारीख, सगळं कॉम्प्युटरवर आणायचं. अशा कामात काही तुकडे पानापानावर परत लागतात. ते दर वेळी नव्यानं लिहायचे नाहीत, एकदाच नीट करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे आणि हवे तिथं एका ओळीत बोलवायचे. त्याला आम्ही कंपोनेंट म्हणतो. जन्मतारखेचा कंपोनेंट मी असाच केला होता. दिवस, महिना, वर्ष अशा तीन चौकटी शेजारी शेजारी, प्रत्येकीवर टिचकी मारली की खाली यादी उघडायची. दिसायला देखणा होता तो. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

पण तो फक्त दिसण्यापुरता होता. तीन चौकटींत भरलेलं एकत्र करून त्याची तारीख बनवणं त्याला येत नव्हतं. ते काम ज्या त्या पानाला करावं लागायचं, आणि अशी सात पानं होती. सातही ठिकाणी मी तेच ते लिहून ठेवलं होतं. चालत होतं, म्हणून मी तिकडं पाहत नव्हते.

दवाखान्याच्या काउंटरवर एक आक्का बसायच्या. चिकोडीकडच्या खेड्यातल्या, जैन शेतकरी घरातल्या. वय साठीच्या आसपास, कपाळ मोठं, चष्म्याला दोरी. घरात त्या कानडी बोलायच्या, काउंटरवर समोरचा माणूस बोलेल ते. दवाखान्यातले डॉक्टरही त्यांना आक्काच म्हणत. इतकी वर्षं त्यांनी जाडजूड रजिस्टरं हातानं लिहिली होती. आता त्यांच्यापुढं मी स्क्रीन आणून ठेवला होता, आणि त्यांना तो शिकवायला दिवसभर त्यांच्या बाजूला स्टूल टाकून बसले होते.

पहिले आठ-दहा पेशंट व्यवस्थित झाले. मग एक म्हातारी आली, सुनेच्या हाताला धरून. दोन्ही डोळ्यांत सायीसारखं पांढरं. आक्कांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि जन्मतारीख विचारली. म्हातारी नुसती हसली. सुनेनंही मान हलवली. रजिस्टरात आक्का अशा वेळी ‘अंदाजे सत्तर’ लिहून पुढं जात. माझा स्क्रीन पुढं जायला तयार नव्हता. तिन्ही चौकटी भरल्याशिवाय खालचं बटण दाबलंच जायचं नाही, तसं मीच केलं होतं.

मी आक्कांना म्हटलं, एक जून टाका. आमच्याकडं सगळे तेच टाकतात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी हजारो पोरांना दिलेली ती तारीख. माझ्या घरातही दोघा-तिघांची तीच आहे.

आक्कांनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. आवाज चढवला नाही. “ही म्हातारी साळंतच गेली न्हाय. तिला एक जून कुटनं आला?”

मी स्क्रीनवर जूनकडं नेलेलं बोट मागं घेतलं.

“जे मला ठाऊक न्हाय, ते मी ठाऊक हाय म्हणून लिवू कसं, सांग बघू.”

मग त्यांनी स्क्रीनकडं पाठ केली आणि म्हातारीशी बोलायला लागल्या. मोठा भूकंप आठवतो का, विचारलं. आठवत होता. तेव्हा ती चार म्हशी राखायची, म्हशी एकदम बसल्या म्हणाली, आणि ओढ्याचं पाणी हललं. म्हशी राखायची म्हणजे दहा-अकराची असणार, असं आक्कांनी तोंडातल्या तोंडात म्हटलं. टेबलाच्या काचेखाली कॅलेंडरची फाडलेली पानं होती, त्यातल्या एकाच्या पाठीवर त्यांनी ते बारीक अक्षरात लिहिलं. काचेखाली तसल्या लिहिलेल्या पानांची चळतच होती, हे मला तेव्हा दिसलं. म्हातारी त्या दिवशी माझ्या स्क्रीनवर चढलीच नाही. आक्कांनी तिला जुन्या रजिस्टरात घेतलं आणि आत पाठवलं.

संध्याकाळच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. बाहेर शेतं मागं सरकत होती आणि माझ्या डोळ्यांपुढं बसलेल्या चार म्हशी होत्या. आपल्याला जन्मतारीख नाही म्हणजे काय, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. माझी तर पत्रिकेत तासामिनिटासकट आहे. त्या बाईला मात्र वर्ष नव्हतं, महिना नव्हता, पण पाणी कसं हललं ते होतं, आणि मी केलेल्या तीन चौकटींत ते कुठंच बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी आमच्या सरांना हे सांगितलं. सर म्हणजे ऑफिसचे मालक आणि आमच्यात सगळ्यांत जुने प्रोग्रामर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की रिकामं सोडलं तर आपोआप एक जानेवारी पडू दे, दोन ओळींचं काम आहे. ते चुकीचं सांगत नव्हते. काम आधीच लांबलं होतं. मी म्हटलं, मला चार दिवस द्या. ते म्हणाले, तीन घे.

कंपोनेंटच्या पाठीशी आपण स्वतः लिहिलेला क्लास उभा करता येतो, हे मी वाचलं होतं. केलं कधीच नव्हतं. म्हणजे असं की पानावर दिसणाऱ्या चौकटी तशाच राहतात, पण त्यांच्या मागं जावाचा एक तुकडा असतो, तो त्यांच्यासाठी विचार करतो. पान काढायच्या वेळी साठवलेली तारीख घेऊन तिचे तीन भाग करतो, आणि माणसानं भरून पाठवल्यावर तिन्ही भाग परत गोळा करतो. पानाला यातलं काही कळायची गरज नाही. मला वाटलं, ‘ठाऊक नाही’ हे उत्तर समजून घेणारं कुणी हवं असेल तर ते इथंच बसवायला हवं.

ते तीन दिवस मी घरून काम केलं. आमचं घर बेळगावातच, वडगावात. खाली आमचे साड्या विणायचे दोन माग, शेजारच्या घरात चार, पलीकडं आणखी. दिवसभर तो खडखडाट भिंतीतून येतो, आणि आम्हा वडगावच्या माणसांना तो ऐकूच येत नाही. वीज गेली की मात्र एकदम कान दुखावेत अशी शांतता होते, गल्लीतली सगळी माणसं दारात येतात. मी वरच्या खोलीत खिडकीशी बसायचे. उन्हाची चौकोनी पट्टी फरशीवरून हळूहळू सरकत माझ्या पायापर्यंत यायची, मग पायांवरून भिंतीवर जायची, आणि मी मधल्या वेळात एखादी ओळ लिहिलेली असायची.

क्लास लिहून झाला. पान उघडलं. तिन्ही चौकटी जागच्या जागी, पण ‘ठाऊक नाही’ निवडून पाठवलं तर काहीच घडेना. चूक दाखवणारी लाल ओळही नाही. क्लासमध्ये शिरल्या शिरल्या एक शब्द छापला जाईल अशी व्यवस्था केली, तर तो शब्दही कुठं उमटेना. अख्खी दुपार गेली. माझा क्लास तिथं होता, बिनचूक होता, आणि त्याला कुणी हाकच मारत नव्हतं. संध्याकाळी खालून चहा प्यायला हाक आली तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. क्लासला मी एक ओळखीचं नाव दिलं होतं, पण चौकटींच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर ते नाव सांगायचं राहिलं होतं. ते सांगितलं नाही तर मागं नेहमीचा तयार क्लास उभा राहतो आणि निमूट काम चालवतो. एक शब्द वाढवायचा होता. वाढवला.

आणि तिन्ही चौकटी पानावरून नाहीशा झाल्या. ‘जन्मतारीख’ एवढंच लिहिलेलं आणि पुढं पांढरं.

दुसरा दिवस त्या पांढऱ्याकडं बघण्यात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेले आणि लॅपटॉप सरांच्या पुढं ठेवला. त्यांनी चहाचा पेला बाजूला केला, क्लास वरपासून खालपर्यंत वाचला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग म्हणाले, “क्लास चांगला आहे. पण त्याला कूळ विचारलं की तो चुकीचं सांगतोय.”

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. प्रत्येक कंपोनेंट आपण कुठल्या कुळातले ते सांगतो आणि त्यावरून त्याला पानावर काढणारा कोण ते ठरतं. मी माझा क्लास साध्या चौकटीच्या क्लासवरून केला होता, म्हणून विचारल्यावर तो स्वतःला साधी चौकट म्हणवत होता. त्याच्या पोटात तीन चौकटी आहेत, तो त्यांना सांभाळणारा आहे, हे त्यानं स्वतः म्हणायला हवं होतं. चार ओळी लिहायच्या होत्या. सरांनी त्या लिहिल्या नाहीत, मला लिहू दिल्या. पान परत उघडलं तेव्हा चौकटी आल्या होत्या, आणि मी छापायला सांगितलेला शब्दही.

दुपारी घरी परतल्यावर बाकीचं सगळं इतकं सहज होत गेलं की आता मला ते स्वप्नात केल्यासारखं वाटतं. तिन्ही याद्यांत पहिलं उत्तर मी ‘ठाऊक नाही’ ठेवलं, आणि त्याच ओळीत कानडीत ‘गोत्तिल्ल’. जावाची जी तयार तारीख असते तिला दिवसाशिवाय चालत नाही, म्हणून तिला बाजूला ठेवून मी एक छोटीशी आपली तारीख केली. जेवढं ठाऊक असेल तेवढंच ती धरते. नुसतं वर्ष धरते, वर्ष आणि महिना धरते, काही न धरताही राहू शकते. आणि चौथी एक लांब चौकट वाढवली. तिच्यावर लिहिलं, ‘त्यांनी सांगितलं ते.’

मग सात पानं एकेक करून उघडली आणि प्रत्येकातून त्या जोडाजोडीच्या जुन्या ओळी काढून टाकल्या. पानांना त्याचं काही वाटलं नाही. ती होती तशीच चालत राहिली. एकाही पानावर नवं काही लिहावं लागलं नाही. खाली आमचे माग चालू होते, आणि मी एकटीच हसत बसले होते.

पुढच्या आठवड्यात ते दवाखान्यात बसवलं. तिथल्या मुख्य डॉक्टरांना आधी काळजी वाटली. वर पाठवायच्या अहवालात असली अर्धीमुर्धी तारीख कशी चालेल, असं त्यांनी विचारलं. कागद काढून पाहिले तर अहवालाला तारीख नकोच होती, फक्त वय हवं होतं. वय माझा क्लास देत होता, आणि वर्षाचा अंदाज असेल तर आकड्याआधी ‘अंदाजे’ लिहून देत होता. डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते आपल्या खोलीत गेले. आक्कांनी टेबलावरची काच उचलली, खालची कॅलेंडरची पानं काढली आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एकेक पेशंट शोधून ते सगळं चौथ्या चौकटीत उतरवायला घेतलं. बोटानं एकेक अक्षर हुडकत. मी म्हटलं, मी टाइप करते. त्या म्हणाल्या, नको, अक्षर माझं मलाच लागतं.

त्यानंतर महिन्यातून एकदा मला तिकडं जावं लागे. मराठी आणि कानडी दोन्ही लिप्या नीट साठवल्या जातात का ते तपासायचं असायचं. त्यासाठी मी चौथी चौकट उघडून वाचायचे. नावांचा रकाना झाकून ठेवायचे, तो वाचणं मला बरं वाटत नसे. कुणी सांगितलं होतं, थोरल्या बहिणीच्या लग्नात आई पोटुशी होती. कुणी, दुष्काळात गावात खडी फोडायचं काम निघालं त्या साली, आई खडीवरच होती. एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, तंबाखूला पाणी सुटलं त्या रात्री. एकीनं नुसतंच, आंबा मोहरला होता. एका ओळीपुढं कानडीत लिहिलेलं मला सावकाश लावावं लागलं. आईला विचारायचं राहून गेलं, एवढंच होतं त्यात. मी वाचत बसायचे, आणि काम तपासायचं विसरायचे. पंखा फिरत असायचा, बाहेर बाकावर औषध घातलेले लोक डोळे मिटून रांगेनं बसलेले असायचे, आणि मला वाटायचं, ही सगळी माणसं डोळे मिटून हेच आठवत आहेत.

त्या हिवाळ्यात आमच्या आप्पांना मी तिथंच घेऊन गेले. आप्पा म्हणजे माझे वडील. सहा महिने त्यांना मागावर तुटलेला धागा दिसत नव्हता. ते सांगत नव्हते. हात फिरवून धागा शोधताना आईनं त्यांना पाहिलं आणि मला सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजवा जास्त पिकलेला. बेळगावातही झालं असतं ऑपरेशन, पण ते म्हणाले, तू काम केलंयस तिथंच जाऊ.

काउंटरवर आक्कांनी माझ्याकडं ओळखीनं पाहिलं, पण आप्पांची नोंद त्यांनी इतरांसारखीच केली. जन्मतारीख विचारली. आप्पांनी सरळ सांगितली, शाळेच्या दाखल्यावरची.

“ती साळंची झाली,” आक्का म्हणाल्या. “घरात काय सांगायचे?”

आप्पांनी काउंटरच्या कडेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता म्हणतील की घरात कुणी काही सांगितलं नाही. आजी मी जन्मायच्या कितीतरी आधी गेली. आप्पा तिच्याबद्दल कधी बोलत नसत. तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

“आई मागावर हुती,” ते म्हणाले. “हिरवी साडी, तांबडा काठ. निम्मी विणून झालती. तवा पोटात दुखाय लागलं. शेजारच्या बाईनं येऊन ती साडी पुरी केली. आई म्हणायची, काठ जिथं जरा सैल हाय, तिथं तू जन्मलास.”

आक्कांनी विचारलं, ती साडी आहे का.

“न्हाय. इकायचीच हुती ती.”

आक्का टाइप करायला लागल्या. फार वेळ लागला. मागं रांग थांबली होती आणि कुणी घाई केली नाही. मी आप्पांच्या बाजूला उभी होते आणि त्यांच्याकडं बघायचं धाडस मला होत नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांच्याच मागांच्या आवाजात राहिले होते, आणि हे मला काउंटरवर उभं राहून कळत होतं. दिवस आणि महिना या दोन याद्यांत आक्कांनी ‘ठाऊक नाही’ ठेवलं. वर्षाचं मात्र त्यांनी आप्पांना दोन-चार गोष्टी विचारून ठरवलं. दाखल्यापेक्षा आप्पा दीड-दोन वर्षांनी मोठे निघाले. त्याचं आप्पांना हसू आलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दुपारी झालं. रात्र आम्ही दवाखान्यात काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली, बोटं किती ते विचारलं, मग भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. आप्पांनी अक्षरं वाचली. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या कुडत्याच्या बाहीचं टोक चिमटीत धरलं आणि उजेडात नेऊन पाहिलं. कापड पाहायची त्यांची सवयच ती. म्हणाले, हे मशीनचं हाय, पण वीण बरी हाय.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना आतल्या बाजूला बसवलं, खिडकी लावून घेतली. काळा चष्मा घालून ते अगदी ताठ बसले होते. संकेश्वर मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, “त्या कॉम्प्युटरात तू नेमकं काय केलंस गं?”

मी सांगायला लागले. पानावर चौकटी दिसतात त्या वेगळ्या, आणि त्यांच्या मागं एकजण असतो तो वेगळा. तो बाहेर दिसत नाही. माणूस जे भरेल ते तो घेतो, आणि माणसाला ठाऊक नसेल तर तेही घेतो, अडवून धरत नाही. त्याला लिहायला मला तीन दिवस लागले. आप्पा ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं की तो एकच आहे का प्रत्येक माणसाला वेगळा. मी म्हटलं, लिहिलाय एकदाच, पण जिथं जिथं तारीख येते तिथं तिथं तो नवा उभा राहतो. त्यांनी हे मनाशी घोळवलं असावं. मी वळून पाहिलं तर त्यांची मान खांद्यावर कलली होती.

बाहेर ऊस तुऱ्यावर आला होता. सगळ्या रानावर ते पांढुरके तुरे एकाच बाजूला झुकलेले, त्यावर दुपारचं ऊन. बस मोकळी होती, कंडक्टरही मागच्या सीटवर पेंगत होता. बेळगावच्या अलीकडं काकतीच्या थांब्यावर बस थांबली तशी आप्पांना जाग आली आणि ते पिशवी चाचपायला लागले. उतरायचं का, म्हणाले. मी म्हटलं, अजून न्हाय, काकती हाय. त्यांनी चष्मा नीट केला, पिशवी मांडीवर घेतली आणि परत डोळे मिटले.